मारत कायले नाई तो?

कापूस घरात आला की आमच्या समोरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे. भाव वाढेल म्हणून बाबा थांबायचे, आणि बाबा थांबले की कापूसही थांबायचा, भिंतीला लागून, पार खिडकीच्या वरपर्यंत. त्या गंजीला पाठ टेकून मी कॉम्प्युटरवर बसायचो. अंगाला खाज सुटायची, पण तशी मऊ खुर्ची मला पुढे नोकरीतही कुठे मिळाली नाही.

कॉम्प्युटर दादाचा, म्हणजे मोठ्या काकांच्या मुलाचा. तो नागपूरला पॉलिटेक्निकला होता. तिथून त्यानं एक जुना पेंटियम थ्री आणला, एसटीत मांडीवर घेऊन. दर आठ-पंधरा दिवसांनी त्याचा डबा उघडून पंख्यात अडकलेला कापूस काढावा लागे. आजी बाजूला बसून पाहायची आणि विचारायची, "याच्यातूनबी वेचनी निघते काय रे?"

हे २००५-०६ चं. आमचं गाव दारव्ह्याजवळ, यवतमाळ जिल्ह्यात. मी नववीत. आणि त्या कॉम्प्युटरवर जे मी खेळलो ते 'फायनल फॅन्टसी', लढाया आणि लांबलचक गोष्ट असलेल्या जपानी व्हिडिओ गेमची मालिका.

दादानं दिवाळीत तीन फ्लॉप्या आणल्या. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे आणि मालिकेचा चौथा भाग, १९९१ चा, जेमतेम एक एमबीचा. अख्खं जग, चंद्रावरच्या सफरीसकट, एका फ्लॉपीत. सहावा भाग १९९४ चा, तीन एमबीचा. तो दाबून-दुमडून दोन फ्लॉप्यांत बसवलेला. त्यातली दुसरी खराब निघाली, म्हणून सहावा संक्रांतीला पोहोचला. मुळात हे गेम सुपर निन्टेन्डो नावाच्या, टीव्हीला जोडून खेळायच्या मशीनचे. ते मशीन आम्ही कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एम्युलेटर नावाचा प्रोग्राम कॉम्प्युटरला ते मशीन असल्याचं सोंग आणायला लावतो, एवढं दादाला माहीत होतं. आणि आमच्या फ्लॉपीवर चौथ्या भागाचं नाव होतं 'दोन', सहाव्याचं 'तीन'. जपानमधले दुसरा, तिसरा, पाचवा हे भाग तेव्हा अमेरिकेत गेलेच नव्हते, म्हणून तिथल्या विक्रीत आकडे असे सरकले. हे कळेपर्यंत आम्ही दोन वर्षं बिचाऱ्या 'चार'ला शोधत होतो, आणि तो आमच्याच खिशात होता.

या गेमबद्दल लोक बोलतात ते मोठ्या लढायांबद्दल. मला लढाया आठवत नाहीत. मला आठवतात त्या जागा जिथे बटणावरून बोट उचलून बसावं लागतं. यात थोडा दोष लाईनचाही असेल. आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात, आणि त्या वर्षांत भारनियमनानं लाईनचं येणं-जाणं पाहुण्यासारखं होतं. थंडीत ती बहुधा रात्री यायची. रात्री आली की बाबा बॅटरी घेऊन ओलिताला जायचे, हरभऱ्यात पाणी सोडायला, आणि मी कॉम्प्युटर सुरू करायचो. एकाच लाईनीवर दोघांची जागली.

आता हे एम्युलेटरवाले हुशार. एफ-टू दाबलं की गेम आहे तिथल्या तिथे जतन होतो, एफ-फोर दाबलं की परत तिथूनच. पण दादानं ते हराम ठरवलं होतं. "गेममध्ये जिथं सेव्ह पॉइंट आहे तिथंच करायचं. नाहीतर मग खेळता कायले?" गुहेच्या आत, बॉसच्या म्हणजे तिथल्या मोठ्या राक्षसाच्या दाराशी, जमिनीवर एक चमकणारी जागा असते. तिथे उभं राहून जतन करायचं. तिथवर पोहोचायच्या आत लाईन गेली की गेलं सगळं. मी तो नियम पाळला. दादा नागपुरात असतानाही पाळला, हे आज मलाच खरं वाटत नाही.

चौथ्या भागाचा नायक सेसिल. बॅरन राज्याच्या हवाई दलाचा कप्तान, काळ्या चिलखतातला डार्क नाइट. राजाचा हुकूम म्हणून तो मिसिडिया नावाच्या जादूगारांच्या गावात माणसं मारून स्फटिक पळवतो. राजाच्याच हुकमावरून एक पेटी घेऊन दुसऱ्या गावात जातो, पेटी उघडते आणि गाव जळतं. पुढे नशीब त्याला एकट्याला मिसिडियातच आणून टाकतं. लोक ओळखतात. बोलायला गेलं तर कोणी बेडूक करून टाकतं. गावाच्या म्हाताऱ्यानं सांगितलेलं एकच: त्या डोंगरावर जा.

डोंगर चढून गेल्यावर आरसे. सेसिल उजळतो, पांढऱ्या कपड्यातला पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा होतो, आणि आरशातून त्याचंच जुनं काळं रूप बाहेर येऊन तलवार उपसतं. लढाई सुरू. मी सवयीनं दोन वार केले. मग ओळ वाचली, तिचा मतलब असा की खरा पॅलाडिन तलवार म्यान करतो. म्हणजे काही करायचं नाही. तो मारत राहील, आपण उभं राहायचं.

त्या दिवशी लाईन होती पण विहिरीला पाणी नव्हतं, म्हणून बाबा दारात उभे होते. डोक्याला दुपटा गुंडाळलेला. ते माझ्या कॉम्प्युटरकडे सहसा पाहत नसत. त्या दिवशी पाहिलं.

"मारत कायले नाई बे तो?"

"मारायचंच नसते बाबा याच्यात."

"मंग?"

"थो मारते, आपण खायचं. मंग जिंकते."

बाबा जरा वेळ पाहत राहिले. काळा माणूस वार करत होता, पांढरा उभा होता, आकडे खाली उतरत होते. मग म्हणाले, "याच्यासाठी कम्पुटर कायले पायजे? आमी तं रोजच खाऊन रायलो." आणि हसत निघून गेले.

ती लढाई जिंकल्यावर सेसिलची लेव्हल, म्हणजे लढून लढून वाढवलेली ताकद, पुन्हा एक होते. एवढं वाढवलेलं सगळं मातीत. दादा याच्यावर चिडायचा, गेम बनवणाऱ्यांना शिव्या द्यायचा. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मिरगाचा पहिला पाऊस दगा देतो, तास उगवत नाही, मग दुबार पेरणी. बियाणं पुन्हा विकत, पण जमीन तीच आणि वखरलेली. सेसिलचंही तसंच होतं, एकपासून सुरू केलेलं, तरी झपाट्यानं वाढायचं.

याच भागात टेला नावाचा म्हातारा आहे. पोरगी हवाई हल्ल्यात मेलेली. तिच्या प्रियकरावर तो असा काही संतापतो की त्याला 'स्पूनी बार्ड' म्हणतो. ही शिवी इंग्रजी खेळाडूंमध्ये आजही चालते. मी शाळेतल्या डिक्शनरीत 'स्पूनी' शोधला. चमचा सापडला, पुढे काही नाही. पण टेलाची जी गोष्ट माझ्या डोक्यात रुतली ती आकड्यांची. त्याला मेटिओ नावाचा मंत्र हवा असतो, पोरीच्या सूडासाठी. तो मिळतोही. मेन्यूत त्याच्यासमोर किंमत लिहिलेली: ९९. आणि टेलाची जादूची शिल्लक जास्तीत जास्त ९०. बाकी बहुतेकांची लेव्हलबरोबर वाढते, याची नाही. तुम्ही शंभर लढाया लढा, ९०च. मी मूर्खासारखा पंधरा दिवस त्याला लढवत राहिलो की कधीतरी ९९ होतील. नाही झाले. शेवटी या भागातला खलनायक गोलबेझ समोर येतो तेव्हा म्हातारा कोणालाच न विचारता तो मंत्र टाकतो, आणि मरतो. गोलबेझ जखमी होतो, पण निसटतो. शिल्लक नव्वदची आणि खर्च नव्याण्णवचा, हा हिशोब आमच्या गावात कोणाच्याच पोराला समजावून सांगावा लागला नसता.

सहावा भाग संक्रांतीला आला, आणि तो मी बहुतेक उन्हाळाभर खेळलो. त्यातला ऑपेरा प्रसिद्ध आहे. सेलेस नावाची सेनापती, गाणं कधी न गायलेली, एका गायिकेच्या जागी स्टेजवर उभी राहते. ओळी आधी पाठ करायच्या, ऐन वेळी चुकली की पुन्हा. संगीत नोबुओ उएमात्सुचं. त्या छोट्या चिपला माणसाचं गाणं धड काढता येत नाही, म्हणून तिथे आवाजासारखं काहीतरी येतं, बासरी आणि हुंदका यांच्या मधलं. लोक या प्रसंगावर रडतात. मी हसलो. कारण वर माळ्यावर अल्ट्रोस नावाचा ऑक्टोपस चार टनांचं वजन सेलेसच्या डोक्यावर ढकलायला बसलेला असतो, आणि ते इतकं जड की त्याला ढकलायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आपली. आपण लाकडी पाट्यांवरून, उंदरांशी मारामारी करत त्याच्यापर्यंत जायचं. शेवटी ऑक्टोपस, आपण, सगळेच धाडकन स्टेजवर. नाटकातला नायक बेशुद्ध. मालक ओरडतो, संगीत वाजवा! आणि चोर लॉकच नायक बनून संवाद ठोकतो.

माझ्या मामाचं गाव ब्रह्मपुरीकडे. तिथे दिवाळीनंतर मंडईला झाडीपट्टीची नाटकं होतात, रात्री सुरू झालं की पहाटेपर्यंत. तिथे एकदा पडद्याची दोरी तुटून पडदा खलनायकाच्या अंगावर पडलेला मी पाहिला आहे. खलनायकानं पडद्याखालूनच उरलेला संवाद पूर्ण केला आणि पेटीवाल्यानं सूर सोडला नाही. लोकांनी नायकापेक्षा त्यालाच जास्त शिट्ट्या दिल्या. त्यामुळे ऑपेराचा प्रसंग जपान्यांनी कुठून आणला हे मला कोणी सांगू नये. मंडईतून आणला.

पण सहाव्यातलं खरं जे, ते आगगाडीचं.

सायन नावाचा अधेड योद्धा, डोमा किल्ल्याचा. किल्ल्याला वेढा पडलेला. वेढा घालणारा सेनापती लिओ सरळ माणूस, त्याला परत बोलावून घेतात. तो गेल्यावर केफ्का नावाचा विदूषक नदीच्या पाण्यात विष ओततो. सायन राजाकडे धावतो, राजा मरतो. मग आपल्या खोलीकडे धावतो. बायको खाली पडते. पोरगा बिछान्यावरून घरंगळतो. एवढुशा चौकोनी रंगीत ठिपक्यांची माणसं, आणि मला तिथे पुढचं बटण दाबवेना.

आमच्याकडे विषाला औषध म्हणतात. फवारणीचं औषध. 'औषध घेतलं' हे दोन शब्द आमच्याकडे कुजबुजीत बोलले की पुढे कोणी काही विचारत नाही. त्या वर्षी आमच्या आळीतल्या एका काकांनी घेतलं होतं. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात. दहाव्याला मी गेलो, बसलो, त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. पुढे वर्षभरही त्या विषयावर बोललो नाही. आम्ही क्रिकेट खेळायचो. पुढे २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करता करताच विषबाधा होऊन माणसं गेली तेव्हा त्याचा फोन आला होता. तेव्हाही आम्ही त्याच्या वडिलांबद्दल नाही बोललो, पंपांबद्दल आणि मास्कबद्दल बोललो.

तर आगगाडी. सायन, नुसत्या हातांनी लढणारा त्याचा सोबती सबीन आणि बरोबर असला तर शॅडो (त्याच्याबद्दल पुढे), जंगलात चुकून एका गाडीत चढतात. ती भुतांची गाडी, मेलेल्यांना पलीकडे नेणारी. गंमत भरपूर. डायनिंग कारमध्ये बसून जेवता येतं. शेवटी इंजिनाशीच लढायचं, आणि सबीन त्या अख्ख्या इंजिनाला उचलून पैलवानासारखा उलटं आपटतो. जगभरचे खेळाडू या एका डावासाठी हा भाग आठवतात. मीही तेव्हा ओरडलो होतो. आमच्या दारव्ह्यावरून शकुंतला जायची, यवतमाळ ते मूर्तिजापूर, इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला घातलेली छोट्या रुळांची गाडी. ती इतकी हळू चालायची की सबीनची गरज नव्हती, आमचा खंडू पैलवान पुरला असता.

गाडी थांबते. सगळे उतरतात. फलाटावर मेलेले चढायला लागतात, आणि त्यांच्यात सायनला बायको आणि पोरगा दिसतात. तो धावतो. गाडी सुटते. तो फलाटाच्या टोकापर्यंत धावतो. पोरगा ओरडून सांगतो की मी तलवार शिकीन आणि आईला सांभाळीन. गाडी जाते. सायन टोकाला उभा. आपण सबीन. त्याच्याजवळ जाता येतं, पण करता काहीच येत नाही. माझ्या लक्षात राहिलं ते हे की सबीन त्याला एक शब्दही बोलत नाही. मालिकेत एवढे मोठे मोठे संवाद लिहिणाऱ्यांनी इथे त्याला गप्प बसवलं.

पुढे, जग उद्ध्वस्त झाल्यावर, हाच सायन एका डोंगरावर एकटा सापडतो. एका मुलीला तिच्या मेलेल्या प्रियकराच्या नावानं पत्रं लिहीत असतो, रेशमाची फुलं करून पाठवत असतो. कबुतरं ती पोहोचवतात. गेम पुढे धावत असताना हा माणूस फुलं करत बसलाय, याची मला तेव्हा चीड आली होती. आता नाही येत.

आणि शॅडो. काळ्या कपड्यातला भाडोत्री मारेकरी, बरोबर इंटरसेप्टर नावाचा कुत्रा. सुरुवातीला तर लढाई संपली की मनात येईल तेव्हा सोडून जातो. हवेत तरंगणाऱ्या बेटावर मात्र सगळ्यांना पळता यावं म्हणून तो केफ्काला मूर्तींच्या मध्ये अडकवून मागे थांबतो. आपल्याला सहा मिनिटं. बेट कोसळतंय, कोपऱ्यात घड्याळ उलटं चालतंय. काठाशी पोहोचलं की खाली विमान आणि समोर दोन पर्याय: उडी मार, थांब.

मी उडी मारली. कोणीही मारेल.

उन्हाळ्यात दादा आला, माझा गेम उघडून बघत होता. "शॅडो कुठाय तुझा?"

"मेला ना थो. बेटावर."

"मेला नाई. तू टाकून आला त्याले."

थांब म्हणायचं. आणि मग खरंच थांबायचं, घड्याळ संपत येईपर्यंत. पाच सेकंद उरले की तो धावत येतो. नाही थांबलात तर पुढच्या अर्ध्या गेममध्ये शॅडो नाही, कुठेच नाही. ते ऐकून मला जेवण गेलं नाही. मी अख्खा गेम पहिल्यापासून सुरू केला.

जूनमध्ये मी पुन्हा त्या काठाशी होतो. पेरणी झालेली, पाऊस रुसलेला, सगळं गाव आभाळाकडे पाहत बसलेलं. सेव्ह केलेलं होतं अॅटमा वेपन नावाच्या राक्षसाच्या अलीकडे. त्याला हरवलं, मग मूर्तींचा तमाशा, मग पळापळ. काठाशी पोहोचलो तेव्हा दोन मिनिटांवर वेळ होता. थांब. मी हात मांडीवर घेतले, चुकून बटण नको दाबायला. एक मिनिट. चाळीस. स्क्रीनवर काहीच होत नव्हतं. वीसवर आलं आणि लाईन गेली.

अंधारात मी किती वेळ तसाच बसलो माहीत नाही. आई आतून म्हणाली, "झोप आता, दिवसा खेळजो." दिवसा लाईन कुठे होती. तिसऱ्या रात्री पुन्हा सगळं लढून काठाशी आलो. बाबा बाजेवर पडलेले, जागे. मी वळून सांगितलं, "आता थो येते." त्यांनी विचारलं नाही कोण. दहा. आठ. सहा. आला. कुत्र्यासारखा धावत आला.

"आला काय?" बाबा म्हणाले.

"आला."

"चला. कोनीतरी आलं." पाऊस आणखी अकरा दिवसांनी आला.

सातव्या भागातली एअरिथ, नायकाची सोबतीण, मला लोकांइतकी लागली नाही. १९९७ चा गेम, मी खेळलो कॉलेजात, आणि पहिल्या सीडीच्या शेवटी ती मरते हे हॉस्टेलच्या भिंतीवर कोणीतरी लिहूनच ठेवलं होतं. एक मात्र कबूल. ती गेल्यावर लगेच राक्षस समोर येतो, आणि संगीत बदलत नाही. लढाईचा ढोल वाजतच नाही, तिचीच धून चालू राहते. मारता मारता हात जड होतो. नवव्यातलं डाली गावही असंच. तिथे दुकानं पोरं चालवतात, मोठी माणसं फारशी दिसत नाहीत. नंतर कळतं की ती जमिनीखालच्या कारखान्यात कामाला आहेत, आणि तिथे धुक्यातून काळे जादूगार बनवून पेट्यांत भरून धाडले जातात. मी तो भाग पुण्यात खेळलो, शिफ्टवरून आल्यावर, आमच्या गावच्या चार पोरांबरोबर एका खोलीत राहत असताना. डालीत फार वेळ नाही थांबलो.

मागच्या हिवाळ्यात गावी होतो. आता चौथा भाग मोबाइलवर मिळतो, रंगबिंग नवे केलेले, सेव्ह आपोआप होतं. दादाला आवडणार नाही. बाबा ओसरीत बसलेले, दुपटा तसाच. शेताची लाईन आजही आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच. मी बाजेवर पडून सेसिलला डोंगरावर चढवत होतो. आरशातून काळा बाहेर आला.

बाबांनी चष्मा पुढे ओढून वाकून पाहिलं. "हा थोच ना बे, न मारनारा?"

"हाव."

"अजून खाऊनच रायला काय?"

तेवढ्यात विहिरीकडचा दिवा लागला. बाबांनी बॅटरी उचलली. मी चप्पल घालून त्यांच्या मागे निघालो. मोबाइल हातातच होता, बोट लावलं नव्हतं. फाटकापाशी पोहोचलो तोवर लढाई संपलेली होती.

"बॅटरी खाली धर," बाबा पुढून म्हणाले. "धुऱ्यावरून चाल. दांडात पाय टाकू नोको."